क्लॉनमॅकनॉइसचे क्रूसलेख व त्यांचा कालनिर्णय

आयर्लंडांत शॅनन नदीच्या कांठीं क्लॉनमॅकनॉइस हें प्राचीन मठस्थान आहे. तेथें क्रूस व अक्षरें कोरलेल्या स्मरणशिला, तुकडे धरून, सातशेंहून अधिक सांपडल्या आहेत. जॉर्ज पेट्री यांनीं जमविलेले असे लेख त्यांच्या पश्चात् मार्गारेट स्टोक्स यांनीं १८७२ ते १८७८ च्या दरम्यान दोन खंडांत छापिले. या ग्रंथाचें ऋण कोणीहि अभ्यासक नाकारणार नाहीं. त्यांतील कालनिर्णय मात्र आम्हांस सर्वत्र ग्राह्य वाटत नाहीं.

बहुतेक लेखांत ‘ओर दो’, म्हणजे ‘अमक्यासाठीं प्रार्थना’, व पुढें एक नांव एवढेंच असतें. वर्ष नसतें. म्हणून तें नांव आयरिश वार्षिक वृत्तांतांत शोधून तेथील मृत्युवर्ष शिलेस द्यावयाचें, ही ग्रंथाची रीति. ‘सुइब्ने मॅक मेले उमाइ’ या लेखांत पित्याचेंहि नांव आहे, व त्याच नांवाचा तेथील विद्वान् लेखक इ. स. ८९१ मध्यें वारल्याची नोंद आहे. येथें ती रीति शोभते. परंतु नुसत्या ‘कोलमान’चें काय? त्या नांवाचे पुरुष आयर्लंडांत पुष्कळ झाले. नामसाम्य म्हणजे व्यक्त्यैक्य नव्हे. शिवाय ‘तुअथल साएर’ या लेखांतील ‘साएर’ म्हणजे कारागीर. अशांचीं नांवें वृत्तांतांत क्वचितच येतात.

अक्षरांच्या वळणावरूनहि नेमकें वर्ष ठरत नाहीं. हस्तलिखितांतलें तें वाटोळें वळण कित्येक शतकें टिकलें. म्हणून पितृनाम वा पद जुळेल तेथेंच वर्ष द्यावें. इतरत्र शतक सांगून थांबावें, हें आम्हांस युक्त दिसतें.