बायका काय जेवायच्या? मालदीवच्या मासळीचे दोन जुने साक्षीदार

मागच्या महिन्यात माझ्या सिनॉप्सिसचा तिसरा मसुदा गाईड मॅडमकडून परत आला. एका वाक्याभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि समासात दोनच शब्द होते: "कोणी पाहिलं?"

वाक्य असं होतं: "मालदीव आणि मिनिकॉय या बेटांवर धुरावर वाळवलेल्या मासळीची पारंपरिक खाद्यसंस्कृती सुमारे सातशे वर्षं अखंड टिकून आहे." खाली आधार म्हणून इब्न बतूताचं नाव दिलं होतं. मला वाटलं होतं, एवढा जुना साक्षीदार दिल्यावर कोण काय बोलणार?

माझा विषय किनारपट्टीवरची सुकी मासळी. कोकण हा मुख्य भाग, आणि तुलनेसाठी ही बेटं. मी मिनिकॉयला किंवा मालदीवला अजून गेलेले नाही. त्यामुळे आज जे लिहितेय ते फिल्डवर्क नाही, दोन जुन्या ग्रंथांचं वाचन आहे. पण "लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की करायचं काय?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. त्याला माझं उत्तर म्हणजे हीच फजिती.

पहिला साक्षीदार: काझी

इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोहोचला. तिथे त्याला काझी नेमलं गेलं आणि पुढच्या वर्षी तो तिथून निघाला. त्या वेळी गादीवर खदीजा ही राणी होती. आपल्या प्रवासाची हकिगत त्याने पुढे मोरोक्कोत परतल्यावर इब्न जुझय्य या लेखनिकाला सांगितली आणि १३५५ मध्ये ती पूर्ण झाली. म्हणजे बेट सोडलं तेव्हापासून मजकूर कागदावर येईपर्यंत दहाएक वर्षं गेली होती. भारतातल्या अभ्यासकांना सहज मिळणारं भाषांतर महदी हुसेन यांचं आहे. ते बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५३ मध्ये काढलं.

मासळीबद्दल तो जे सांगतो ते अभ्यासकाला हरखून टाकणारं आहे. मासा लाल मांसाचा, चरबी नाही, वास मेंढीच्या मटणासारखा. पकडल्यावर त्याचे चार तुकडे करतात, थोडे शिजवतात, माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत भरून धुरावर टांगतात. पूर्ण वाळला की खातात. आणि हा माल भारत, चीन आणि येमेनला जातो. माशाचं नाव तो सांगतो "कुल्ब अल-मास".

हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. मधला "अल" अरबी वाटतो, पण शब्द दिवेहीतला आहे: "कळुबिलमास". कळु म्हणजे काळा, मास म्हणजे मासा. दिवेही आपल्या मराठीसारखीच इंडो-आर्य भाषा, त्यामुळे आपल्या कानाला हे लगेच कळतं. अरबी कानाने त्यात स्वतःचं व्याकरण ऐकलं. साक्षीदार ऐकतो तेव्हाच भाषांतर सुरू झालेलं असतं, हे इथे एका शब्दात दिसतं.

मिनिकॉयच्या "मासमीन"ची आजची कृती वाचली तर चार तुकडे, शिजवणं, धूर, ऊन, सगळं तेच. मासाही तोच, टूनाच्या जातकुळीतला, ज्यातल्या काहींना आपले कोळी कुपा म्हणतात. माझं "अखंड" इथूनच आलं. दोन टोकं जुळली, मधली सगळी वर्षं मी कल्पनेने भरली.

मी जो परिच्छेद सोडून दिला होता

मॅडमच्या शेऱ्यानंतर मी मालदीवचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मासळीचा परिच्छेद मी आधीच टिपून ठेवला होता. त्याच प्रकरणात पुढे बायकांबद्दलचा मजकूर आहे. तो मी "विषयाबाहेरचा" म्हणून ओलांडला होता.

तिथे तो सांगतो की या बेटांवर बायको नवऱ्याबरोबर जेवत नाही. ती स्वतः ताट आणते, हात धुवायला पाणी देते, ताट उचलून नेते, पण ती काय खाते हे नवऱ्याला कळतसुद्धा नाही. त्याने तिथे बरीच लग्नं केली. काही बायका त्याच्या आग्रहाने त्याच्याबरोबर जेवायला बसल्या, काही नाहीच बसल्या, आणि त्यांना जेवताना पाहणं त्याला काही जमलं नाही.

माझ्या "सातशे वर्षांच्या खाद्यसंस्कृतीचा" प्रमुख साक्षीदार स्वतःच कबूल करतोय की घरातल्या अर्ध्या माणसांचं जेवण त्याने पाहिलेलं नाही!

मला इथे इब्न बतूताबद्दल आदरच वाटतो. त्याने आपली मर्यादा लिहून ठेवली. ती लपवली मी. त्याचं म्हणणं मी "काझीच्या ताटात काय येत होतं" ऐवजी "बेटावरचे लोक काय खात होते" असं वापरलं. शिवाय हे ताट दरबारी माणसाचं. ज्या घरात टोपल्या धुरावर टांगल्या जात होत्या, तिथल्या बाईच्या वाट्याला चारातला कुठला तुकडा यायचा, की तुकडे शिजवलेलं नुसतं पाणी यायचं, हे या ग्रंथावरून सांगता येत नाही.

दुसरा साक्षीदार: कैदी

मग मी फ्रांस्वा पिरार द लावालकडे वळले. हा फ्रेंच माणूस. त्याचं 'कोर्बां' हे जहाज १६०२ मध्ये मालदीवच्या खडकांवर आपटलं. त्यातून वाचलेल्या खलाशांना बेटांवर अडकून राहावं लागलं. पिरार तिथे जवळजवळ पाच वर्षं होता. बंगालहून आलेल्या एका आरमाराने १६०७ मध्ये मालेवर धाड घातली, तेव्हा तो त्यांच्याबरोबर बाहेर पडला. त्याचं पुस्तक पॅरिसमध्ये १६११ मध्ये आलं आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेलं. इंग्रजी भाषांतर हाक्लूत सोसायटीने १८८७ पासून काढलं.

काझी आला तो मानाने, पिरार आला तो उपाशी. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या सोबत्यांचे अन्नावाचून हाल झाले. तो तिथली भाषा शिकला. साहजिकच त्याची नजर वेगळ्या गोष्टींवर पडते: अन्न कोणाच्या हातात आहे, ते कोण देतो, कशाच्या बदल्यात देतो. तोही त्याच मासळीचं नाव देतो, त्याच्या कानाने "कोबोली मास", आणि अर्थ बरोबर सांगतो, काळी मासळी. समुद्राच्या पाण्यात शिजवायची, विस्तवावर वाळवायची, मग बाहेरच्या बंदरांत विकायची.

पण पिरारलाही मी डोळे झाकून "खालून पाहणारा खरा साक्षीदार" म्हणणार नाही. त्याचं पुस्तक फ्रान्समधल्या वाचकांसाठी आहे. तिथून कुठला माल मिळतो आणि कुठे जातो, हे त्या वाचकांना हवं होतं. म्हणून विकाऊ वस्तू ठळक होतात. मासळी दिसते कारण ती विकली जाते. जे विकलं जात नाही, ते धूसर राहतं.

"स्थानिक" म्हणजे कुठलं?

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की माझ्या वाक्यातला आणखी एक शब्द ढासळतो. "पारंपरिक" तर गेलाच, "स्थानिक"ही डळमळतो.

इब्न बतूता सांगतो की मालदीवचे लोक कवड्या बंगालच्या लोकांना विकतात आणि बदल्यात तांदूळ घेतात. बंगालमध्ये कवड्या चलन म्हणून चालायच्या. प्रवाळबेटाच्या वाळूत भात होत नाही. म्हणजे "बेटावरचं साधं जेवण" मानलं जाणारं भात आणि मासळी हे ताट तेव्हाही अर्धं बाहेरून येत होतं, आणि मासळीचा मोठा भाग बाहेर जाण्यासाठीच वाळवला जात होता.

हाऊ'ओफा या पॅसिफिकमधल्या अभ्यासकाचा १९९३ चा निबंध बेटांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. बेटांना दूर पडलेले जमिनीचे ठिपके समजू नका, समुद्राने जोडलेला एक विस्तीर्ण प्रदेश म्हणून पाहा, असा त्याचा आग्रह. माझ्या विषयाला हा विचार फार उपयोगी पडला. पण तो जसाच्या तसा उचलून इथे लावला तर एक गोष्ट हातून सुटते. जोडलेलं असणं म्हणजे अवलंबून असणंही. आपल्याच लक्षद्वीपच्या बेटांवर कन्नूरच्या अरक्कल घराण्याने काथ्याची मक्तेदारी ठेवली होती. काथ्या ठरलेल्या भावाने द्यायचा, बदल्यात तांदूळ घ्यायचा. भाव ठरवणारा बेटावरचा नसायचा. आणि दुसऱ्या महायुद्धात मालदीवकडे येणारा तांदूळ थांबला, तेव्हा लोकांनी पाला आणि कंदमुळं खाऊन दिवस काढले. जे खरोखर बेटावरच उगवत होतं, ते त्या पिढीच्या आठवणीत उपासमारीचं अन्न आहे. आपण बाहेरून जाऊन त्याला कौतुकाने "अस्सल स्थानिक पदार्थ" म्हणणार असू, तर आधी ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावा.

बाई पुन्हा गायब

आता "अखंड" या शब्दाचा हिशोब. मालदीवच्या सुक्या मासळीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक श्रीलंका. तिथे तिला उंबलकड म्हणतात आणि भाजीत, संबोलात ती घालतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेने परकीय चलनाच्या टंचाईमुळे ही आयात आवळली. बाजार कोसळला. मालदीवचे मच्छीमार ताजा मासा गोठवणाऱ्या कंपन्यांच्या बोटींना विकू लागले. १९७४ पासून होड्यांना इंजिनं बसू लागली आणि पकड वाढली.

कागदावर ही प्रगतीच. पण शिजवणं, धुरावर टांगणं, वाळवणं हे काम बहुतांशी बायका करत होत्या. मासा समुद्रावरच विकला गेल्यावर तो घरी येईनाच. बायकांच्या हातचं काम गेलं, आणि त्याबरोबर त्यातून मिळणारा वाटाही. आपल्या मिनिकॉयवर १९६९ मध्ये टूना डबाबंद करण्याचा कारखाना आला. तिथेही हेच घडलं का, की मासमीनमुळे वेगळं काही घडलं, हा माझ्या प्रबंधातला खरा प्रश्न आहे. पहिल्या मसुद्यात तो नव्हताच. कारण "अखंड परंपरा" असं एकदा लिहिलं की मध्ये काय तुटलं हे विचारायला जागाच उरत नाही.

२०१२ मध्ये मालदीवच्या गळाने पकडलेल्या या टूनाला एमएससी हे शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. जिवंत आमिष टाकून, एकेका गळाने एकेक मासा ओढायची ही पद्धत जाळ्यांपेक्षा समुद्राला सौम्य आहे, त्यामुळे प्रमाणपत्र योग्यच म्हणावं लागेल. पण ते मासेमारी तपासतं, चूल तपासत नाही. होडीवरचा पुरुष "परंपरेचा वाहक" म्हणून डब्यावरच्या चित्रात येतो. काझीच्या ग्रंथात जी बाई जेवताना दिसली नाही, ती या लेबलावर काम करतानाही दिसत नाही.

घरची गोष्ट

हे सगळं वाचत असताना मी सुट्टीत गावी गेले होते. माझी आजी आयुष्यभर बांबूच्या मांडवावर बोंबील आणि अंगणात सुकट वाळवत आली. तिच्या तीन मुलाखती मी आधीच रेकॉर्ड केल्या होत्या. मीठ किती, ऊन किती दिवस, पावसाळ्यासाठी साठवण कशी, सगळं होतं त्यात. चौथ्यांदा बसले आणि विचारलं, "आजी, तू स्वतः काय जेवायचीस?"

ती हसली. म्हणाली, "काय गो विचारतेस हे? उरेल ते."

मग पुढचा पाऊण तास ती बोलत होती. डोकी कोणाला, कालवणाचं नुसतं पाणी कोणाला, पाहुणे आले की काय व्हायचं, बाळंतपणात मिळालेला एकच चांगला तुकडा. पहिल्या तीन मुलाखतींत यातलं अक्षरही नाही. तिने लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. म्हणजे स्वतःच्या घरात मी काझीच होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

कुठलाही जुना आधार घेताना आता मी तो चार प्रश्नांतून काढते. लिहिणारा कोणाच्या ताटात जेवत होता? त्याने पाहिलं आणि लिहिलं यात किती वर्षं गेली? हे त्याने कोणत्या वाचकासाठी लिहिलं? आणि आपल्याला काय दिसलं नाही, हे त्याने स्वतः कुठे सांगितलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपण "विषयाबाहेरचं" म्हणून सोडलेल्या पानावर असतं. म्हणून अवतरण घेण्याआधी निदान ते पूर्ण प्रकरण वाचा. सर्च करून सापडलेल्या परिच्छेदावर थांबू नका.

माझं वाक्य आता असं आहे: "मालदीवमध्ये मासळी धुरावर वाळवून निर्यात होत असल्याचा उल्लेख चौदाव्या शतकात सापडतो, ती घरात कोणाच्या वाट्याला किती येत होती, याबद्दल तो उल्लेख करणारा स्वतःच अनभिज्ञ आहे." लांबलंय, कबूल. चौथा मसुदा काल परत आला. यावेळी त्या वाक्याभोवती गोल नव्हता. समासात शेरा मात्र होता: "मग तुम्ही कसं शोधणार?"

पुढचं प्रकरण त्यावरच लिहायचंय.