‘चेतविणें’ : एका क्रियापदाचा अर्थनिर्णय

जुना कागद छापतांना संपादक कठीण शब्दास टीप देतो. सोप्या दिसणाऱ्या शब्दास देत नाहीं. ‘चेतविणें’ हें असेंच सोपें दिसणारें क्रियापद आहे. ‘अमक्यानें रयतेस चेतविलें’ असें वाक्य आढळलें कीं अमका बंडखोर ठरतो आणि लेखाच्या मथळ्यांत ‘उठाव’ हा शब्द येऊन बसतो. वैनगंगेकांठच्या पवनीकडील कागदांपुरती तरी ही घाई आम्हांस मान्य नाहीं.

धातु संस्कृत ‘चित्’. त्याचें मूळ काम जाणणें. प्रयोजकांत जाणीव करून देणें. मराठीनें तो चुलीपाशीं नेला. मोल्सवर्थनें (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) ‘चेतणें’ या शब्दाखालीं विस्तवाचा अर्थ आधीं आणि मनोविकारांचा मागाहून दिला आहे, व हा क्रम योग्यच आहे. मराठींत माणसास चेतविणें म्हणजे त्याच्या ठायीं राखेखालीं निखारा आहेच, असें गृहीत धरणें होय. ‘चिथावणारा’ बाहेरून ठिणगी आणतो. ‘फितविणारा’ तर पक्षच सोडावयास लावतो. या तिघांस एकाच आरोपाखालीं उभें करणें हा इतिहास नव्हे.

हिंदींत त्याच धातूचें ‘चेताना’ झालें, आणि त्याचा प्रचलित अर्थ सावध करणें हा आहे. ‘चेतावनी’ देणारा आग लावीत नाहीं. आग लागेल असें सांगतो. भंडारा जिल्हा या दोन भाषांच्या शिवेवर आहे. १९९९ पर्यंत गोंदियाचा मुलूखही त्यांतच होता, व पलीकडे बालाघाट. तिसरे रघूजी भोसले १८५३ त वारल्यावर नागपूरचें राज्य खालसा झालें आणि पुढें मध्यप्रांतांत मराठी व हिंदी एकाच सरकारच्या कारभारांत नांदल्या. अशा प्रांतांतील लेखकाच्या लेखणींत कोणता ‘चेत’ होता, हें पुण्याच्या कानानें ठरवितां येत नाहीं. एका अर्थानें गांवचा पाटील बंडाचा म्होरक्या होतो, दुसऱ्यानें गांवास सावध करणारा शहाणा मनुष्य. आणि त्याचे वंशज आजही त्याच गांवीं राहत असतील.

येथें नकलकारांविरुद्ध आमची खरी तक्रार आहे. मोडींत इ-उ यांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाहीं, म्हणून बालबोध करतांना तो दुरुस्त करण्याची मोकळीक सर्वांनीं घेतली आहे. ती मोकळीक कान्यापर्यंत वाढवूं नये. ‘चेताविलें’ हें ‘चेतविलें’ असें ‘शुद्ध’ करणाऱ्यानें अर्थाचा एकमेव पुरावा खरवडून टाकलेला असतो.

‘उत्तेजन’ हा शब्द मात्र निष्कलंक राहिला, हें पाहून आम्हांस गंमत वाटते. त्याचा धातु ‘तिज्’, म्हणजे धार लावणें. तरी पुण्यास १८७५ त ‘वेदशास्त्रोत्तेजक’ सभा निघाली तेव्हां शस्त्रें परजण्याचा संशय कोणास आला नाहीं. बुद्धाच्या उपदेशाचें वर्णन करतांना पालींतील ‘समुत्तेजेति’ याच धातूपासून येतें. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं उत्खनन होऊन मोठा स्तूप उजेडांत आला, तेव्हां हें पालीचें स्मरण येथें अस्थानीं नव्हे. पण पवनीच्याच विसमितेच्या दानलेखांत सर्व सत्त्वांच्या सुखासाठीं ‘होतु’ एवढेंच आहे. ती इच्छा आहे, प्रेरणा नव्हे. ‘होतु’ वरून तिनें लोकांस दानास प्रवृत्त केलें असें कोणी अनुमान काढील तर तेंही फाजील होईल.

आमच्या मतें कसोटी वाक्यरचनेंत शोधावी. क्रियापदामागून ‘कीं’ येऊन कांहीं बातमी सांगितली असेल तर सावध करण्याचा अर्थ आधीं तपासावा. ‘अमक्यावर’ किंवा ‘अमक्याविरुद्ध’ असें असेल तर चिथावणीचा. दोन्ही नसतील तर टीपेंत दोन्ही अर्थ द्यावे. संग्राहकांनीं नक्कल पाठवितांना त्या ओळीचें छायाचित्र सोबत ठेवावें, म्हणजे काना होता कीं नव्हता हें तरी पाहतां येईल.