नदीची वाढ-घट : हिशेबाच्या पद्धतींची चिकित्सा

पाणीपुरवठ्याच्या अभ्यासात दोन सरितामापन केंद्रांमधील टप्प्यात नदीस वाटेत जे पाणी मिळते त्यास वाढ, व जे वाटेत नाहीसे होते त्यास घट म्हणतात. भूजलाचा पाझर, मोजणीबाहेर राहिलेले ओढे आणि सिंचनाचा पुनरुद्भव ही वाढीची साधने होत. पात्रातील झिरपा, बाष्पीभवन आणि काठावरील वनस्पतींचे शोषण ही घटीची कारणे होत. व्याख्या इतकी सरळ असल्यामुळे हा आकडा म्हणजे नदीच्या अंगचाच एखादा गुण आहे, असा समज सहज रूढ होतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी हिशेब मांडण्याच्या रीतीतून जन्मास येतो. ज्या ठिकाणी त्यावर राज्याराज्यांचे हक्क ठरतात, त्या ठिकाणी हा भेद दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

सर्वांत प्रचलित पद्धत शेषाची आहे. खालच्या केंद्रावरील विसर्गात टप्प्यातून कालव्यांनी उचललेले पाणी मिळवावयाचे, त्यातून वरच्या केंद्रावरील येवा व उपनद्यांचे पाणी वजा करावयाचे, आणि जे उरेल त्यास वाढ अथवा घट म्हणावयाचे. या पद्धतीस साधने थोडी लागतात व जुन्या नोंदींवरही ती चालविता येते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु शेषात केवळ झिरपा अथवा पाझर नसतो. सर्व मोजमापांतील चुकाही त्यातच येऊन साठतात. समजा, वरच्या केंद्रावर १,००० व खालच्या केंद्रावर ९६० क्यूसेक विसर्ग मोजला गेला, आणि दोन्ही मापनांत ५ टक्के चुकीचा संभव आहे. चुका परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास फरकातील संभाव्य चूक सुमारे ६९ क्यूसेक येते. अर्थात ४० क्यूसेकची जी घट मांडली जाते, ती घट आहे की वाढ, हेही त्या एका मापनावरून निश्चित सांगता येत नाही. पुराचे पाणी एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ आणि पात्रात साठून राहिलेले पाणी यांचा विचार सुटला, तर ही अनिश्चितता आणखी वाढते. उन्हाळ्यात विसर्ग स्थिर असताना टप्प्यातील अनेक ठिकाणी एकाच वेळी मापन केल्यास कोठे वाढ व कोठे घट होते हे अधिक नेमके कळते. मात्र तो निष्कर्ष त्या ऋतूपुरता असतो, वर्षभराच्या हिशेबास तो जसाच्या तसा लावता येत नाही.

शेषाचे हे दोष टाळण्यासाठी भूजलाच्या गणिती प्रतिकृतीचा अवलंब होतो. एकदा उपसा चालू धरून व एकदा बंद धरून नदीचा प्रवाह काढावयाचा. दोहोंतील फरक म्हणजे उपशामुळे झालेली घट. मापनातील चुका येथे थेट शेषात उतरत नाहीत हे खरे. पण तुलनेची मूळ स्थिती कोणती धरावी, हा नवा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील रिपब्लिकन नदीचा वाद याचे बोधप्रद उदाहरण आहे. कोलोरॅडो, नेब्रास्का व कॅन्सस या राज्यांच्या १९४३ च्या करारात माणसाच्या उद्योगाने न घटलेले पाणी हा वाटणीचा पाया मानला होता. कॅन्ससने १९९८ मध्ये दावा लावला व २००२ च्या तडजोडीत विहिरींचा उपसा प्रतिकृतीने मोजण्याचे ठरले. प्लॅट नदीच्या खोऱ्यातून आणलेले आणि जमिनीत मुरून रिपब्लिकनच्या उपनद्यांस मिळणारे पाणी नेब्रास्काच्या नावे लावावयाचे नाही, हेही त्यात मान्य झाले होते.

तरीही गणिताच्या रीतीने ते लागलेच. ते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. ओढ्याचे स्वतःचे पाणी १० भाग, बाहेरून मुरून आलेले ४ भाग, आणि उपशाने ओढा पूर्ण कोरडा पडला, असे धरू. उपसा बंद धरल्यास १४ व चालू धरल्यास शून्य, म्हणून घट १४ भाग. बाहेरच्या पाण्याचे श्रेय काढण्यासाठी उपसा चालू ठेवून ते पाणी वगळले, तर प्रवाह तेव्हाही शून्य. म्हणून श्रेयही शून्य. प्रत्येक वजाबाकी बिनचूक असूनही खोऱ्यातील १० भागांच्या वापराबद्दल १४ भाग नावे पडतात. कोरड्या पडणाऱ्या ओढ्यात वेगवेगळ्या कारणांचे परिणाम सुटे काढून त्यांची बेरीज करता येत नाही, हे या रीतीत निसटले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये २००५ व २००६ मधील जादा वापराबद्दल नेब्रास्कास भरपाई देण्यास लावले. परंतु त्याच निकालात हिशेबाची ही रीत बदलण्यासही संमती दिली.

कृष्णा खोऱ्यात प्रश्नाचे रूप निराळे आहे, मर्म तेच. पहिल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा २,०६० अब्ज घनफूट धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० असे वाटप केले. त्याखेरीज पुनरुद्भवाचे म्हणून अनुक्रमे २५, ३४ व ११ अब्ज घनफूट पाणी धरले जाते. हा पुनरुद्भव नदीत मोजलेला नव्हे. १९६८–६९ नंतर वाढलेल्या सिंचनवापराचा तो ठराविक टक्का आहे. निवाड्यास निश्चिती हवी असते, त्यामुळे अशी सोय समजण्यासारखी आहे. मात्र कालव्याखालील विहिरींनी तेच मुरलेले पाणी पुन्हा उपसले, तर टक्का कायम राहतो आणि नदीत येणारे पाणी घटते. एकच पाणी वर विहिरीच्या व खाली नदीच्या खात्यात, असे दोनदा जमा होण्याचा धोका तेथे आहे.

तात्पर्य, शेष, प्रतिकृती व ठराविक टक्का यांपैकी कोणतीही पद्धत सर्वथा त्याज्य नाही. आक्षेप आहे तो आकडा एकटा मांडण्यास. वाढ-घटीच्या प्रत्येक आकड्याबरोबर तुलनेची मूळ स्थिती व संभाव्य चूक नोंदविली गेली नाही, तर त्या आकड्यावर उभारलेले पाण्याचे वाटप कागदावर जुळते, नदीत मात्र जुळत नाही. आणि ही तूट अखेरीस कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास सोसावी लागते.