‘ज्येन’ या शब्दाचे भाषांतर : ‘यी जिंग’च्या एका षड्रेखेविषयी

‘यी जिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथाच्या आधारे नित्याच्या जीवनातील अडथळ्यांवर मात कशी करावी, हे शिकविणारी इंग्रजी पुस्तके आता आपल्याकडेही बरीच वाचली जातात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेण्याचे सहसा कारण नसते. तथापि काही काळापूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने, प्रबंधाचे काम अडले असता, तीन नाणी सहा वेळा टाकून या ग्रंथाला कौल मागितला. एकोणचाळिसावी षड्रेखा आली. हातातील पुस्तकात तिच्याखाली ‘चिकाटी’ शुभ असल्याचे छापले होते. त्या एका शब्दावर भिस्त ठेवून त्याने त्याच वाटेने आणखी आठ महिने वेचले. तो शब्द मूळ संहितेत आहे काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

या षड्रेखेचे नाव ‘ज्येन’. वर जल, खाली पर्वत अशी तिची रचना. रिखार्ड विल्हेल्म यांनी १९२४ च्या जर्मन भाषांतरात या नावासाठी ‘अडथळा’ या अर्थाचा शब्द योजिला. १९५० मध्ये कॅरी बेन्स यांनी त्याचे इंग्रजी केले, त्याला युंग यांची प्रस्तावना लाभली आणि पुढील बहुतेक मार्गदर्शिका याच इंग्रजीवर पोसल्या. परंतु ‘ज्येन’ या अक्षरचिन्हाचा अर्थदर्शक घटक ‘पाय’ हा आहे, आणि जुन्या चिनी कोशात त्याचा अर्थ ‘लंगडा’ असा दिला आहे. फरक किरकोळ नव्हे. अडथळा वाटेत असतो; लंगडेपण चालणाऱ्याच्या पायात असते. आपला ‘विघ्न’ हा शब्द बाहेरून येणाऱ्या आघाताचा आहे, म्हणून विघ्नाचा हर्ता असू शकतो. ‘ज्येन’च्या जवळचा मराठी शब्द शोधावयाचा तर तो ‘विघ्न’ नव्हे, ‘अडणे’ हे अकर्मक क्रियापद होय. ‘अडला हरी’ असे आपण म्हणतो तेव्हा हरीला कशाने अडविले याची चौकशी कोणी करीत नाही. अडलेपण ही हरीचीच अवस्था असते. ‘मात करणे’ हा प्रयोग विघ्नाच्या बाबतीत शोभतो, अडलेल्या पायावर मात कशी करणार?

सहा रेखांच्या वचनांपैकी चार, म्हणजे पहिली, तिसरी, चौथी आणि सहावी, एकाच साच्याची आहेत. ‘वांग’ म्हणजे जाणे, ‘लाय’ म्हणजे येणे. जाण्याशी प्रत्येक वेळी लंगडेपण जोडले आहे. येण्याशी मात्र निरनिराळे शब्द येतात. एकदा प्रशंसा, एकदा परतणे, एकदा सांधले जाणे, एकदा विपुलता. दुसऱ्या रेखेत राजाचा सेवक येतो, आणि तेथे ‘ज्येन’ची द्विरुक्ती आहे. या ‘ज्येन ज्येन’चे ‘अडथळ्यामागून अडथळे’ असे नामरूप भाषांतर आढळते. मराठीला इतका खटाटोप करण्याची गरज नाही. ‘अडखळत अडखळत’ हे आपल्या भाषेत जन्मतःच सिद्ध आहे. हा सेवक स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यासाठी अडखळत जातो, म्हणून साच्याबाहेर राहतो. एरवी पुढे रेटण्याचा उपदेश या षड्रेखेत शोधूनही सापडत नाही.

मग ‘चिकाटी’ आली कोठून? ती ‘जेन’ या शब्दातून आली. लेग यांनी १८८२ मध्ये त्याचा अर्थ दृढता व सचोटी असा घेतला, विल्हेल्म यांनी चिकाटी. १८९९ पासून अभ्यासकांसमोर आलेल्या शांगकालीन अस्थिलेखांत मात्र हाच शब्द शकुनाच्या सूत्रात पुनःपुन्हा येतो : दिवस, शकुनकाराचे नाव, ‘जेन’, आणि मग ज्याचा निर्णय हवा तो विषय. तेथे त्याचा अर्थ ‘शकुन पाहिला’ असा आहे. तोच अर्थ ‘चोऊ यी’ या ग्रंथाच्या मूळ भागात घेतला, तर जेथे ‘चिकाटी शुभ’ असे छापले आहे तेथे ‘कौल शुभ’ इतकेच उरते. कौल घेणाऱ्याने आपल्या कामाची नोंद केली. भाषांतरकाराने तिचा उपदेश केला.

येथे घाई करून चालणार नाही. ‘जेन’चा दृढतापर अर्थ युरोपियनांनी कल्पिला नाही. तो ग्रंथाला जोडलेल्या ‘दहा पंखां’त, म्हणजे जुन्या चिनी भाष्यांतच, रूढ झालेला आहे, आणि विल्हेल्म यांनी छिंगदाव येथे लाव नायश्वान या पारंपरिक पंडिताकडे ग्रंथाचे अध्ययन केले होते. ही भाष्ये कन्फ्यूशियसची नव्हेत अशी शंका औयांग श्यू यांनी अकराव्या शतकातच घेतली होती. पण कर्तृत्व संशयास्पद ठरले म्हणून दोन हजार वर्षांचे वाचन खोटे ठरत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. परंपरेचा दृढतापर अर्थ घेतला तरी त्याच भाष्यांत या षड्रेखेवरचे विवरण सज्जनाने स्वतःकडे वळावे, आपले आचरण तपासावे असे सांगते. ती दृढता म्हणजे योग्य जागी स्थिर राहणे. मार्गदर्शिकांनी शब्द परंपरेचा घेतला आणि आशय कारखान्याच्या भिंतीवरील फलकाचा भरला.

षड्रेखेच्या मुख्य वचनात नैर्ऋत्य दिशा हितकर, ईशान्य अहितकर असे सांगितले आहे. परंपरेने नैर्ऋत्येला भूमीचे व ईशान्येला पर्वताचे स्थान दिले आहे. तेव्हा लंगड्याने डोंगर चढू नये, सपाटीकडे वळावे, हा अर्थ सरळ निघतो. त्याच वचनात थोर पुरुषाची भेट घेण्यास सांगितले आहे. (आपला हरी गाढवाचे पाय धरतो, ही तफावतही विचार करण्याजोगी आहे.)

पाचव्या रेखेविषयी मात्र मी निर्णय देऊ शकत नाही. तेथे लंगडेपण मोठे आहे आणि ‘फंग’ येतात. पारंपरिक अर्थ ‘मित्र’. परंतु प्राचीन लिपीत ‘फंग’ म्हणजे कवड्यांची माळ, अर्थात धन. संकटात मित्र धावून येतात, की तोट्याच्या वेळी पैसा हाती येतो? आर्थर वेली यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे या संहितेत लोकशकुनांचे तुकडे मिसळले आहेत, आणि तशा तुकड्यात धन अगदी शोभेल. शेजारच्या रेखांतील ‘सांधले जाणे’ पाहिले की मित्र अधिक जुळतात. उंबऱ्याशी ठेच लागली असता क्षणभर बसून पाणी पिऊन निघणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना या षड्रेखेचा पहिला थर समजावून सांगावा लागला नसता.

ही आकृती उलटी धरली की चाळिसावी षड्रेखा ‘श्ये’ मिळते. तिच्या अक्षरचिन्हात शिंग, सुरी आणि बैल आहेत. अर्थ सोडविणे, मोकळे करणे. अडण्यातून सुटका पुढे रेटून होत नाही, तीच आकृती दुसऱ्या टोकाकडून वाचून होते, असे रचनाकाराच्या मनात होते काय हे सिद्ध करता येणार नाही. क्रम मात्र तसा आहे.

उपरोक्त विद्यार्थ्याने अखेर विषयाची व्याप्ती निम्म्याने कमी केली आणि सामग्रीसाठी दुसऱ्या बोलीकडे वळला. त्याने पुन्हा नाणी टाकली की नाही, हे मी विचारले नाही.