जुन्या कॅमेऱ्याची पारख

जुने फिल्म-कॅमेरे संग्रहीं ठेवण्याचा छंद अलीकडे वाढीस लागला आहे. परंतु त्यांचें मोल ठरवितांना जी भाषा कानीं पडते ती ऐकून चर्चा दागिन्यांची चालली आहे कीं काय, असें वाटावें. धातूची झिलई, मूळचें कातडी म्यान, घडणीचा क्रमांक ह्यांचा मोठा ऊहापोह होतो. त्या यंत्रांतून पाहिलेल्या जगाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. दुसरीकडे भाविक मंडळी आहेत. जुन्या भिंगांत ‘आत्मा’ असतो, असें त्यांचें म्हणणें. मला हीं दोन्ही मतें सारखींच आळशी वाटतात.

उदाहरणादाखल जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें फ्रांके आणि हायडेके ह्यांनीं १९२९ सालीं काढलेला रोलिफ्लेक्स घेऊं. त्याला एकाखालीं एक अशीं दोन भिंगें; वरचें पाहण्यासाठीं, खालचें चित्र घेण्यासाठीं. वरच्या भिंगामागें तिरपा आरसा असून त्यावरून परतलेली प्रतिमा माथ्यावरील घासलेल्या काचेवर पडते. ती उभी सरळ, पण डावेंउजवें उलट! धांवणाऱ्या मुलाच्या रोखानें कॅमेरा वळवावा, तों मूल चौकटीबाहेर आणि आपण भलतीकडे. पहिल्या रोलांत माझी हीच फजिती झाली. पुढें मात्र कळलें कीं, ह्या उलटेपणामुळें रोजचा रस्ताही अनोळखी होतो आणि नजर नांवांऐवजीं आकार पाहूं लागते. शिवाय कॅमेरा पोटाशीं धरून मान खालीं घालावी लागते. समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाहीं. तोही सैल होतो, आणि खालून पाहणाऱ्या भिंगाला किंचित् उंच दिसतो. आरसा अचल असल्यामुळें चित्र उमटण्याच्या क्षणींही प्रतिमा डोळ्यांआड होत नाहीं. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) ह्यांच्या साधनांपैकीं हा एक कॅमेरा. त्यांचीं छायाचित्रें पाहतांना भिंगाची तीक्ष्णता किती, हा प्रश्न मनांत येतच नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. दोन भिंगांच्या दृष्टींत फरक असल्यानें अगदीं जवळचें चित्र घेतांना काचेवर दिसलेलें डोकें फिल्मवर कापलें जातें. १२० क्रमांकाच्या फिल्मवर बाराच चित्रें येतात. ह्या तुटपुंजेपणानें विवेक येतो, अशी एक लाडकी समजूत आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानें बाराच्या बारा पांच मिनिटांत उधळलेलीं मीं पाहिलीं आहेत!

खरी अडचण निराळीच. संग्राहकांनीं चढविलेल्या किमतीमुळें शिकूं इच्छिणाऱ्याला हें यंत्र परवडत नाहीं. आणि ज्याला परवडतें तो तें कपाटांत कोंडतो. तेथें वंगण सुकून शटर रेंगाळूं लागतें. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत भिंगांवर बुरशीचें जाळें पसरतें. बाहेरून चकाकी तशीच! मला विचाराल तर मी कातडें उडालेला, पण हातांत खेळलेला कॅमेराच घेईन. मात्र त्याचें एका सेकंदाचें शटर दहा वेळां कान देऊन ऐकल्याखेरीज पैसे मोजणार नाहीं.