हेलसिंकी येथील शंभर मीटरच्या शर्यतीचा निकाल : साधनांची छाननी

इ. स. १९५२ च्या जुलै महिन्यांत फिनलंडमधील हेलसिंकी येथें ऑलिंपिक सामने भरले. त्यांतील पुरुषांच्या शंभर मीटर धांवेची अंतिम शर्यत २१ जुलै रोजीं झाली. सहा जण धांवले आणि अकरा सेकंदांच्या आंत सर्व आटोपलें. जुन्या दप्तरांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या विषयाचें प्रयोजन काय, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. परंतु ह्या शर्यतीसंबंधानें समकालीन अधिकृत लेख, यंत्राची साक्ष आणि प्रत्यक्ष धांवणारांचें कथन अशीं तीन प्रकारचीं साधनें उपलब्ध असून तीं परस्परांशीं जुळत नाहींत. उत्तरकालीन कोष्टककारांनीं त्यांचा जो उपयोग केला आहे तो आमच्या मतें सदोष आहे. तो दोष दाखविणें एवढाच ह्या टिपणाचा हेतु होय.

प्रथम अधिकृत लेख पाहूं. अमेरिकेचा लिंडी रेमिजिनो पहिला, जमेकाचा हर्ब मॅकेन्ली दुसरा, ब्रिटनच्या वतीनें धांवणारा त्रिनिदादचा मॅक्डोनल्ड बेली तिसरा आणि अमेरिकेचाच डीन स्मिथ चौथा. ह्या चौघांचाहि काल १०.४ सेकंद असा नोंदलेला आहे. पांचवा रशियाचा सुखारेव्ह व सहावा ऑस्ट्रेलियाचा ट्रेलोर, ह्या दोघांचा काल १०.५ सेकंद. म्हणजे काल एक आणि क्रमांक चार, असा हा विलक्षण लेख आहे. केवळ कालाचा रकाना पाहणारास चौघे बरोबर आले असें वाटेल. केवळ क्रमांकाचा रकाना पाहणारास त्यांत स्पष्ट अंतर होतें असें वाटेल. एकाच लेखाचे दोन भाग भिन्न साधनांवरून लिहिलेले असले म्हणजे असें होतें. येथें काल घड्याळांवरून लिहिला आणि क्रमांक अंतिम रेषेवरील कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरविला, हें ध्यानांत घेतल्याखेरीज लेखाचा अर्थच लागत नाहीं.

त्याच कॅमेऱ्याच्या चित्रावरून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचलेले कालहि प्रसिद्ध आहेत. ते अनुक्रमें १०.७९, १०.८०, १०.८३, १०.८४, १०.८८ आणि १०.९१ असे आहेत. शर्यतीच्या शेवटीं धांवणारा सेकंदाच्या शंभराव्या भागांत सुमारें वीतभरांतील अर्धें अंतर काटतो. त्या हिशेबानें रेमिजिनो व मॅकेन्ली यांच्यांतील अंतर चार बोटांहून फारसें अधिक नव्हतें. पहिल्या व चौथ्यांत सुमारें अर्धा मीटर, आणि पहिल्या व सहाव्यांत मीटरभराहून थोडेंसें अधिक अंतर होतें. नियमाप्रमाणें डोकें, हात किंवा पाय रेषेवर आधीं पोंचून उपयोग नाहीं. धड पोंचलें पाहिजे. हा निवाडा उघड्या डोळ्यांनीं देणें अशक्य होतें, म्हणून तो चित्रावर सोंपविला गेला.

आतां तिसरें साधन, म्हणजे धांवणारांचें कथन. रेमिजिनोस शर्यत संपतांच मॅकेन्लीच जिंकला असें वाटलें आणि त्यानें त्याचें अभिनंदनहि केलें. मॅकेन्लीची समजूतहि तीच होती. आमच्या शास्त्रांत असा एक संकेत आहे कीं, स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष विशेष विश्वसनीय मानावी. तो संकेत येथें शब्दशः लावला तर विजेत्यानें स्वमुखानें पराजय कबूल केला आणि प्रतिपक्षानेंहि तसेंच सांगितलें, सबब चित्र खोटें, असा निष्कर्ष काढावा लागेल. परंतु तो चुकीचा होईल. साक्षीदाराचा प्रामाणिकपणा ही एक गोष्ट आणि त्यास ती घटना दिसणें शक्य होतें कीं नाहीं ही दुसरी. छाती पुढें झोंकून रेषेकडे झेंपावणाऱ्या मनुष्यास शेजारच्या पट्ट्यांतील धड आपल्यापुढें चार बोटें आहे कीं मागें, हें दिसूंच शकत नाहीं. चार वर्षांपूर्वीं, १९४८ सालीं लंडन येथें, बार्नी इवेल यासहि आपण जिंकलों असें वाटून त्यानें आनंद व्यक्त केला होता. चित्रानें मात्र हॅरिसन डिलार्ड पहिला ठरला. दोन्ही प्रसंगीं साक्षीदार सच्चे होते, पण त्यांची जागा साक्षीस योग्य नव्हती. बखरकारांच्या सत्यनिष्ठेवरून वाद घालतांना, तो बखरकार त्या ठिकाणीं कोठें उभा होता, हा प्रश्न आपण पुष्कळदां विसरतों, एवढें येथें सुचवून पुढें जातों.

मुख्य आक्षेप आतां सांगतों. अलीकडील कित्येक कोष्टकांत १०.४ हा आंकडा गाळून त्याच्या जागीं १०.७९ एवढाच छापलेला असतो. कोष्टककारांची बाजू अशी कीं, यंत्राचा काल अधिक खरा; मग चुकीचा काल कशास ठेवावा? त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. हातघड्याळाचा काल कमी भरतो याचें कारण उघड आहे. घड्याळवाला पिस्तुलाचा धूर पाहून कळ दाबतो, त्यांत त्याचा हात किंचित् मागें राहतो. उलट शेवटीं धांवणारा समोरून येतांना दिसत असल्यामुळें तेथें तेवढा विलंब होत नाहीं. म्हणून आरंभीं गमावलेला काल शेवटीं भरून निघत नाहीं. ह्याच कारणास्तव १९७७ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें लहान अंतराच्या शर्यतींत केवळ स्वयंचलित कालासच विश्वविक्रमाची मान्यता दिली.

तथापि अधिक शुद्ध पाठ मिळाला म्हणून मूळ पाठ खोडून टाकण्याचा अधिकार संपादकास प्राप्त होत नाहीं. १९५२ सालीं ज्या मोजमापानें जग धांवणारांची तुलना करीत होतें तें हातघड्याळाचें होतें. त्या वेळचा १०.२ सेकंदांचा विश्वविक्रम ह्याच मापाचा होता, आणि बेलीनें १९५१ सालीं बेलग्रेड येथें त्याची बरोबरी केली तीहि ह्याच मापानें. १०.७९ हा आंकडा त्या विक्रमाशेजारीं ठेवला तर हेलसिंकीचे धांवणारे मंद होते असा भास होतो. तो भास मापें मिसळल्यामुळें होतो. वस्तुस्थिति तशी नव्हती.

दुसरें कोष्टककार असें करतात कीं, हातघड्याळाच्या कालांत ठराविक ०.२४ सेकंद मिळवून त्यास यंत्रकालाच्या पंक्तीस बसवितात. सर्वसाधारण अंदाजास हा उपाय ठीक आहे. परंतु एकेका शर्यतीस तो लावतां येत नाहीं, हें हेलसिंकीच्याच दप्तरावरून सिद्ध होतें. शंभर मीटरमध्यें रेमिजिनोच्या दोन कालांतील फरक ०.३९ आहे. त्याच मैदानावर २५ जुलै रोजीं झालेल्या चारशें मीटरच्या शर्यतींत जॉर्ज रोडन पहिला व मॅकेन्ली दुसरा आला. दोघांचाहि घड्याळाचा काल ४५.९, पण यंत्राचा काल ४६.०९ व ४६.२०. म्हणजे फरक एकाच्या बाबतींत ०.१९ आणि दुसऱ्याच्या बाबतींत ०.३०. एकाच मैदानावर, एकाच आठवड्यांत, हा फरक ०.१९ पासून ०.४४ पर्यंत बदलतो. जो फरक स्थिर नाहीं त्याची बेरीज करून खरा काल कसा मिळणार? शिवाय रोडन व मॅकेन्ली यांच्यांत जवळजवळ मीटरभर अंतर असतां घड्याळांनीं त्यांस एक काल दिला, ही गोष्ट ह्या बेरजेनें झांकली जाते.

हा वाद केवळ परदेशचा नव्हे. १९५१ च्या मार्च महिन्यांत दिल्ली येथें पहिले आशियाई सामने भरले. त्यांत मुंबईच्या लेव्ही पिंटो यानें शंभर व दोनशें मीटर ह्या दोन्ही शर्यती जिंकल्या. शंभर मीटरचा काल १०.८ सेकंद होता. पुढील वर्षीं तो हेलसिंकी येथेंहि धांवला. आतां एखाद्या अभिमानी लेखकानें पिंटोचा १०.८ आणि रेमिजिनोचा १०.७९ हे आंकडे एका ओळींत मांडले, तर मुंबईचा धांवणारा ऑलिंपिक विजेत्याच्या बरोबरीचा होता असें सहज सिद्ध होईल, आणि तें सर्वस्वीं असत्य असेल. पिंटोचा काल हातघड्याळाचा आहे. त्याची तुलना १०.४ शींच केली पाहिजे. शुहूर सन आणि शालिवाहन शक यांचे आंकडे वजाबाकी न करतां एका यादींत मांडणाऱ्यास आपण हंसतों. येथें तर वजाबाकीहि निश्चित नाहीं, म्हणून सावधगिरी दुप्पट पाहिजे. पिंटोचें यश आशिया खंडांत पहिलें होतें, हें निर्विवाद आहे. त्यास खोट्या तुलनेचा टेंकू देण्याची गरज नाहीं.

तात्पर्य असें. विजेत्याविषयींचा निवाडा कॅमेऱ्याच्या चित्रावर उभा आहे आणि तो आम्हांस मान्य आहे; मॅकेन्लीच्या समजुतीनें तो डळमळत नाहीं. कालाच्या बाबतींत मात्र दोन्ही पाठ, प्रत्येकाची जात नमूद करून, शेजारीं शेजारीं छापले पाहिजेत. १०.४ हा त्या दिवशीं जाहीर झालेला आंकडा आहे, १०.७९ हा चित्रावरून वाचलेला आंकडा आहे. पहिल्यावरून त्या काळचे लोक काय जाणत होते तें समजतें, दुसऱ्यावरून प्रत्यक्ष काय घडलें तें समजतें. इतिहासास दोहोंची गरज आहे. आमच्या संग्राहक वाचकांपैकीं कोणाच्या हातीं जुन्या सामन्यांचे कार्यक्रम, पंचांच्या चिठ्या किंवा अंतिम रेषेचीं चित्रें आलीं, तर तीं रद्दी समजून टाकूं नयेत, आणि त्यांवरील आंकडे कोणत्या घड्याळाचे आहेत तें प्रथम लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.