आरंभवाचक इंग्रजी क्रियापदे, त्यांचे मराठी पर्याय आणि कर्त्याची जबाबदारी

सारांश : 'स्टार्ट', 'इनिशिएट', 'लाँच', 'ट्रिगर', 'इन्साइट', 'इन्स्टिगेट' ही इंग्रजी क्रियापदे आपल्याकडे बहुधा 'सुरू करणे' या एकाच मराठी पर्यायाखाली शिकविली जातात. एखादी गोष्ट सुरू करण्याचे क्रियापद हे त्या गोष्टीच्या जबाबदारीविषयीचे विधानही असते. त्यामुळे या शब्दांना समानार्थी मानणे भाषेच्या आणि न्यायाच्याही दृष्टीने घातक ठरते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना :
पीटर मार्क रॉजे यांचा इंग्रजी शब्दसंग्रह 1852 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून शब्द त्यांच्या अर्थक्षेत्रानुसार एकत्र मांडण्याची पद्धत रूढ झाली. महाविद्यालयीन व स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतील समानार्थी शब्दांच्या याद्या हे त्याच पद्धतीचे संक्षिप्त रूप होय. मात्र एकत्र मांडलेले शब्द परस्परांच्या जागी वापरता येतात, असा समज या याद्यांमुळे दृढ होतो. आरंभवाचक क्रियापदांच्या बाबतीत त्याचे परिणाम विशेष जाणवतात.

मराठी व्यवहारातील भेद :
पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी आणि चाकण परिसर हा आज औद्योगिक पट्टा आहे. येथील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरात शेती आणि कारखाना या दोन्ही व्यवहारांची भाषा नांदते. या भाषेत यंत्र 'चालू' करतात, गाडी 'स्टार्ट' करतात, शाळा 'काढतात', दुकान 'टाकतात', गणपती 'बसवितात', चूल 'पेटवितात'. या प्रत्येक ठिकाणी 'सुरू करणे' म्हटले तरी अर्थ कळतो; पण काय सुरू झाले आणि कसे, हे पुसट होते.

कलहाच्या संदर्भात हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'त्याने भांडण उकरून काढले' असे म्हटले की तो स्वतः भांडणातील एक पक्ष असतो. 'त्याने भांडण लावले' असे म्हटले की भांडणारे दुसरेच असतात आणि तो बाजूला उभा असतो. 'त्याने भांडण सुरू केले' या वाक्यात हा भेद उरत नाही.

दुसरा भेद क्रियापदाच्या रूपाचा आहे. इंग्रजीत 'स्टार्ट' हे क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे, रूप न बदलता वापरले जाते. आग आपोआप सुरू झाली काय किंवा कोणी ती सुरू केली काय, क्रियापद तेच राहते. मराठीत 'आग लागली' आणि 'आग लावली' ही दोन वेगळी विधाने आहेत. पेटणे-पेटविणे, भडकणे-भडकविणे, चेतणे-चेतविणे या जोड्याही अशाच आहेत. मराठी व्याकरणकारांनी प्रयोजक क्रियापद म्हणून ज्याचे विवेचन केले, ते रूप म्हणजे कर्ता दाखविण्याची भाषेची एक व्यवस्थाच आहे. 'दंगल भडकली' या वाक्यात कर्ता नाही. 'दंगल भडकविली' म्हणताच कर्त्याचा शोध सुरू होतो.

'एक्साइट' आणि टिळकांवरील खटले :
अशा एका क्रियापदावर माणसाचे स्वातंत्र्य कसे अवलंबून राहते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. 22 जून 1897 रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. हे कृत्य करणारे चापेकर बंधू चिंचवडचे, म्हणजे याच परिसरातले. त्यानंतर 'केसरी'च्या 15 जूनच्या अंकातील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर खटला भरण्यात आला. आरोप हत्येस साहाय्य केल्याचा नव्हता. तो भारतीय दंड संहितेच्या कलम 124-अ खाली, सरकारविषयी अप्रीतीची भावना 'एक्साइट' केल्याचा किंवा करण्याचा प्रयत्न केल्याचा होता.

या खटल्याची चर्चा करताना 'अप्रीती' या नामाच्या अर्थाकडेच बहुधा लक्ष वेधले जाते. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्या नामाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला, हे प्रसिद्धच आहे. परंतु क्रियापदाच्या बाबतीतही त्यांचे विवेचन तितकेच महत्त्वाचे आहे. लेखनामुळे प्रत्यक्षात काही उपद्रव घडला की नाही हा प्रश्न गैरलागू आहे, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी आणि तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष असे मत दिले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

येथे मराठी पर्यायांचा विचार उद्बोधक ठरतो. 'पेटविले' म्हटले की पेटले, हे सामान्यतः गृहीत असते. 'चेतविले' या शब्दात आत काही सुप्त होते आणि ते जागे झाले, असे सूचित होते. 'चिथाविले' या शब्दात मात्र परिणामाची हमी नाही. चिथावूनही समोरचा माणूस शांत राहू शकतो. शिवाय चिथावणाऱ्याचा हेतू दूषित आहे, हा निवाडा त्या शब्दातच असतो. 'एक्साइट' या लॅटिन मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ 'जागे करणे, उठविणे' असा आहे. आधीच अस्तित्वात असलेल्या असंतोषाला वाचा फोडणे आणि नसलेला असंतोष निर्माण करणे, या दोन्ही कृती त्याच्या कक्षेत येऊ शकतात. पत्रकाराच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक असतो.

1908 च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि 'केसरी'तील लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर सविस्तर आक्षेप घेतले. मूळ मराठी शब्दांची छटा भाषांतरात बदलते आणि त्या बदलातून गुन्हा उभा राहतो, असा त्यांच्या आक्षेपांचा रोख होता. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. समानार्थी म्हणून घेतलेला शब्द समानार्थी नव्हता, एवढ्या गोष्टीला किती मोल असते हे यावरून लक्षात यावे.

उत्तरकालीन विवेचन :
1962 मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम 124-अ वैध ठरविले. मात्र हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याचा हेतू वा प्रवृत्ती यांपुरतीच त्याची व्याप्ती मर्यादित केली. म्हणजे व्यापक 'एक्साइट'चे वाचन 'इन्साइट'च्या दिशेने संकुचित करण्यात आले. हा केवळ शब्दच्छल नव्हे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या वापरास स्थगिती दिली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 152 मध्ये 'अप्रीती' हा शब्द नाही. त्याऐवजी फुटीरता, सशस्त्र बंड अशा गोष्टी आल्या आहेत. 'एक्साइट' हे क्रियापद मात्र कायम आहे. नाम बदलले, क्रियापद टिकले. म्हणून त्याच्या अर्थाची चर्चा केवळ ऐतिहासिक ठरत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने :
या क्रियापदांची यादी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, सुरू झालेली गोष्ट आधी सुप्त रूपात होती की नव्याने निर्माण झाली? 'फाउंड' म्हणजे नव्याने स्थापन करणे. 'ट्रिगर' म्हणजे भरलेल्या बंदुकीचा चाप ओढणे. दुसरा, कर्त्याचा हेतू गृहीत आहे काय? एखादी बातमी, एखादा पाऊसही 'ट्रिगर' करू शकतो. 'इन्स्टिगेट' मात्र माणूसच करतो. या शब्दाचे मूळ बैलाला पराणी टोचण्याच्या कल्पनेत आहे, हे सांगितल्यास ग्रामीण विद्यार्थ्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. तिसरा, परिणाम घडलाच पाहिजे काय? या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांच्या बोलीत आधीपासूनच आहेत. 'लागली' आणि 'लावली' यांतील फरक ज्याला कळतो, त्याला इंग्रजीतील हा भेद परका नाही.

निष्कर्ष :
आरंभवाचक क्रियापदे ही घटनेचा उगम आणि तिचा कर्ता यांच्यातील नाते ठरवितात. मराठीत हे नाते दाखविण्याची समृद्ध व्यवस्था असताना 'सुरू करणे' या सर्वसमावेशक पर्यायावर विसंबून राहणे म्हणजे ती व्यवस्था आपणच निकामी करणे होय. कोशकार, भाषांतरकार आणि अध्यापक यांनी पर्याय सुचविताना कर्ता, हेतू व परिणाम यांचा निर्देश करणे अगत्याचे आहे. कारण वर्गात जो भेद पुसला जातो, तोच पुढे बातमीत, तक्रार अर्जात आणि न्यायालयातील भाषांतरात पुसलेला राहतो, आणि तेथे त्याची किंमत एखाद्या माणसाला मोजावी लागते.